आपल्या आल्याला ज्याचं नाव आहे

लिव्हरपूल

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माहितीपत्रकात आल्याचं शास्त्रीय नाव वाचून तुम्ही विचारलं होतंत, ‘झिंजिबर ऑफिसिनेल’च्या पुढे हे ‘रॉस्को’ काय आहे? आबा, ते हे नाव देणाऱ्या माणसाचं आडनाव. विल्यम रॉस्को इथलाच. माउंट प्लेझंट रस्त्यालगतच्या छोट्या बागेत त्याला पुरलंय, कामावर जाताना मी रोज तिथून जातो.

जन्म १७५३ चा. बापाचा मळा होता आणि दारूचं दुकान. बाराव्या वर्षी शाळा सुटली, मग मळ्यातले बटाटे टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन हा बाजारात जायचा. पुढे एका वकिलाकडे उमेदवारी केली आणि १७७४ साली स्वतः वकील झाला.

त्या काळी गुलामांच्या व्यापारात लिव्हरपूल इंग्लंडमधलं पहिल्या नंबरचं बंदर. जहाजमालकांपासून दोर वळणाऱ्यांपर्यंत किती घरांच्या चुली त्यावर पेटायच्या! अशा गावाने १८०६ मध्ये त्याला पार्लमेंटात पाठवलं, आणि १८०७ च्या फेब्रुवारीत त्याने गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या बाजूने भाषण केलं, मतही दिलं. गावी परतला तेव्हा जमाव अंगावर धावून आला. पुन्हा काही तो निवडून आला नाही. ज्यांच्यात रोज उठबस, त्यांच्याच विरुद्ध हात वर करायचा, याला केवढी छाती लागत असेल!

वकिलीबरोबर त्याला झाडांच्या अभ्यासाचाही नाद होता. त्याच १८०७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने, म्हणजे निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेने, आलं-हळदीच्या कुळावरचा त्याचा लेख छापला. आल्याचं नाव तिथलं. पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. वॉलिच त्याला रोपं पाठवायचे.

तो एका बँकेत भागीदारही होता; १८१६ मध्ये त्या बँकेने पैसे देणं थांबवलं. त्याची पुस्तकं, चित्रं, सगळं लिलावात गेलं. त्यातलं १३४२ सालचं एक चित्र इथल्या वॉकर गॅलरीत आहे. लहानगा येशू हाताची घडी घालून आईबापांसमोर उभा आहे, काही केल्या ऐकायला तयार नाही. ते बघताना मला आपल्या ओसरीवरची ती रात्र आठवली. इकडे यायचं म्हणून मीही तसाच अडून उभा होतो. तुम्ही काही न बोलता आत गेलात. आबा, त्या रात्रीबद्दल मला माफ करा.

यंदा बेणं राखून ठेवलंत का? अक्षय्य तृतीयेला लागण झाली की फोटो पाठवायला धाकट्याला सांगा. आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू