गाडी सुरू होत नाही म्हणून फोन केला, तर म्हणे सुरू करून आणा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतली पेट्रोल गाडी तिसऱ्यांदा बंद. दोष पंपाच्या अर्थ वायरीत, बिलं बॅटरी, प्लग आणि टाकीची.

महोदय,

जूनमध्ये गाडी पहिल्यांदा बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन खणखणीत फिरत होतं, फक्त उचलत नव्हतं. हे मी जॉबकार्डवर लिहून घेतलं होतं. तरी बॅटरी बदलली, ५,८०० रुपये. बॅटरी उतरली असती तर इंजिन फिरलं कशाने, माझ्या पुण्याईने? टोइंगवरून उतरवताना बसलेल्या दणक्याने गाडी सुरू झाली आणि श्रेय बॅटरीला गेलं. जुलैमध्ये पुन्हा तेच. या खेपेला चार प्लग, आणि ‘पेट्रोलमध्ये पाणी’ म्हणून टाकी साफ, ४,३५० रुपये. ते पाणी दाखवा म्हटलं, तर फेकून दिलं म्हणाले.

परवा तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मीच बसलो. एसटीच्या वर्कशॉपला इलेक्ट्रिशियन म्हणून ३१ वर्षं काढलीत. जन्म डिझेलवर गेला, पण टेस्ट लॅम्पला (करंट तपासायच्या दिव्याला) त्याचं काही नसतं. चावी ऑन केली की टाकीतला पंप दोनेक सेकंद गुणगुणतो आणि लाइनला दाब देऊन थांबतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं? आमच्या सौ.ना चावीवर बसवलं आणि मागच्या सीटला कान लावला. चिडीचूप. फ्यूज चांगला. पंपाला करंट जोडणारा रिले बदलून पाहिला, फरक नाही. सीट उचलून पंपाचं कनेक्टर काढलं. लॅम्पचं एक टोक सप्लायच्या पिनला, दुसरं बॉडीला : चावी फिरताच दिवा लागला. दुसरं टोक अर्थच्या पिनला लावलं : दिवा नाही. म्हणजे करंट येतोय, परतीची वाट बंद. अर्थची वायर बॉडीला बोल्टने बसते तिथलं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवं पडून दोन-तीन तारांवर लोंबकळतंय. आमच्या रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत हे होतंच. कनेक्टर परत बसवून त्या वायरीला तात्पुरता अर्थ दिला, तर पंप गुणगुणला आणि गाडी अर्ध्या सेल्फला सुरू.

टाकी साफ करताना तुमच्या माणसाने हेच कनेक्टर काढलं होतं. थिंबल तिथून वीतभर लांब आहे.

जोडलेली वायर मी काढून टाकली, कारण वायरिंगला बाहेरचा हात लागला तर वॉरंटी बाद, असं तुमचेच लोक सांगतात. म्हणून आज सकाळी कस्टमर केअरला फोन केला. बारा मिनिटं बासरी ऐकली, मग बाई आल्या.

“सर, गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन या, स्कॅन करू.”
“ती सुरूच होत नाही.”
“हो सर, समजलं. सुरू करून घेऊन या.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. परत तेच. मी म्हटलं, “ताई, सुरू झाली असती तर मी तुम्हाला फोन कशाला केला असता?” त्यावर थोडा वेळ शांतता (आमच्या पंपासारखीच), आणि मग, “सर, टाकीत पेट्रोल आहे ना?”

महोदय, मी ६४ वर्षांचा आहे. टाकीत पेट्रोल आहे.

मग सुपरवायझर आले. त्यांचं म्हणणं, मागच्या वेळी स्कॅनरने एरर दाखवला नाही, म्हणजे गाडीत दोष नाही. गाडी बंद आहे, पण दोष नाही! गंजलेलं थिंबल कॉम्प्युटरमध्ये जाऊन स्वतःची तक्रार नोंदवत नसतं. दोन सेकंद कान लावायचा होता. दोन महिन्यांत तेवढं कोणाला जमलं नाही, पण चालत्या बॅटरीच्या जागी ५,८०० ची नवी बॅटरी लगेच बसली.

माणूस घरी पाठवा, थिंबल बदला, आणि दोन्ही बिलांचे १०,१५० रुपये अधिक टोइंगचे ३,००० परत करा. आठ दिवस वाट पाहीन. नंतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याला सेवेतील त्रुटी म्हणतात. जॉबकार्डं जपून ठेवली आहेत.

आधीची गाडीही तुमचीच होती, चौदा वर्षं चालली. जावयाला तुमचीच घ्यायला लावली ती मीच. आता त्यांच्यासमोर काय बोलू?

एक ग्राहक,
रत्नागिरी

ता.क. : हे लिहीत असतानाच मेसेज आला : ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. कृपया रेटिंग द्या.’ निदान एक तारा दिल्याशिवाय ते पान पुढे सरकत नाही.