ब्लॉकचेन मतदान : खरा धोका फोनमध्ये

महोदय,

बिहारमधील नगरपालिका निवडणुकांत जून २०२५ मध्ये मोबाइल ॲपवरून मतदान झाले. त्यात ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर साखळीसारखी जपलेली नोंदवही) होते, म्हणून ते सुरक्षित, हा युक्तिवाद तोकडा आहे. नोंदलेले मत नंतर कुणी बदलले तर ब्लॉकचेनमुळे ते उघडकीस येते, एवढेच. पण मत आधी मतदाराच्या फोनमधून जाते. तिथल्या घातक सॉफ्टवेअरने पडद्यावर एक उमेदवार दाखवून मत दुसऱ्याला पाठवले, तर ब्लॉकचेन ते चुकीचे मतच इमानेइतबारे जपणार! अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २०१८ मध्ये परदेशस्थ मतदारांसाठी वापरलेल्या ‘व्होट्झ’ ॲपमध्ये मत बदलता येईल अशा त्रुटी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिल्या. मॉस्कोत २०१९ मध्ये ब्लॉकचेनवरच्या ऑनलाइन मतदानात कूटलेखनाच्या किल्ल्या (मते गुप्त ठेवणारे सांकेतिक आकडे) २५६ बिटांहून लहान, म्हणजे फारच तोकड्या ठेवल्या होत्या. फ्रेंच संशोधक पिएरिक गोद्री यांनी त्या साध्या संगणकावर वीसेक मिनिटांत फोडता येतात हे निवडणुकीआधीच दाखवले.

शिवाय घरून मत देताना शेजारी कोण दमदाटी करत उभे आहे, हे ॲपला कसे कळणार? मतदान केंद्रात यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची छापील चिठ्ठी ७ सेकंद का होईना, मतदाराला दिसते आणि पुन्हा मोजता येते.

स्थलांतरितांना राहत्या ठिकाणाहून गावाकडच्या मतदारसंघात मत देता यावे, ही मागणी मात्र रास्तच. निवडणूक आयोगाने ७२ मतदारसंघ हाताळणाऱ्या दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवला होता. ती चर्चा पुन्हा सुरू करावी.

– एक वाचक, पुणे