सहा सोसायट्या, एक खतशेड : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

ओला कचरा शक्यतो आहे तिथेच जिरवावा, हे आता नवी मुंबईत कुणाला पटवून द्यावे लागत नाही. घोडे पुढे अडते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना ‘मोठे कचरा उत्पादक’ ठरवले. पण नेरुळ, सानपाडा, कोपरखैरणे, घणसोली इथे मोठे टॉवर कमी आणि चाळीस-पन्नास घरांच्या सोसायट्या जास्त. एका घरातून रोज साधारण अर्धा किलो ओला कचरा निघतो, म्हणजे पन्नास घरांचा २५ किलो. सुका धरला तरी आकडा शंभरच्या आतच. अशी एकेक इमारत नियमातून सुटते आणि सगळा सेक्टर मिळून घंटागाडी भरत राहतो.

अशा सोसायटीने मनापासून ठरवले तरी एकटीला ते झेपत नाही. २५ किलोंसाठी स्वतंत्र माणूस परवडत नाही. शिवाय ढीग लहान राहिला तर त्यात उष्णता टिकत नाही, आणि उष्णता नसेल तर कचरा खत न होता नुसता कुजतो. साधारण एक घनमीटरच्या खाली गेलात की ही अडचण येतेच. म्हणून आमची मागणी एकच आहे : खत करण्याचे एकक ‘सोसायटी’ न धरता एकमेकींना लागून असलेल्या पाच-सहा सोसायट्यांचा गट धरा, आणि त्या गटाला महापालिकेने तीन गोष्टी द्याव्यात. जागा, पाचोळा आणि तयार खताची उचल.

हिशेब मांडून दाखवतो. सहा सोसायट्या, ३०० घरे, रोज १५० किलो ओला कचरा. त्यात ४५ ते ५० किलो सुका पाचोळा मिसळायचा, म्हणजे रोज २०० किलो माल. एक मीटर लांब, रुंद आणि उंच असा जाळीचा कप्पा तीन दिवसांत भरतो. भरलेला कप्पा साधारण ४० दिवस ठेवायचा, म्हणजे चौदा कप्पे लागतात. चाळवाचाळव करायला दोन रिकामे हवेत, असे एकूण सोळा. आठ-आठच्या दोन रांगा, मधे दोन मीटरची वाट, निवडायचे टेबल, खत मुरवायची जागा आणि पाचोळ्याचे कोठार. सगळे ८० चौरस मीटरमध्ये बसते. बागेच्या मागचा, रोपवाटिकेच्या कडेचा एखादा कोपरा पुरे. कामाला दोन माणसे, रोज तीन ते चार तास. त्यांची मजुरी, हातमोजे, गमबूट हे सोसायट्यांनी घरांच्या संख्येप्रमाणे वाटून घ्यायचे.

आता पाचोळ्याविषयी, कारण खतशेड चालते की बंद पडते ते यावर ठरते. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते आणि नत्र जास्त असते. पाचोळा कोरडा आणि कर्बाने भरलेला. दोन्ही मिळून कर्ब-नत्राचे प्रमाण २५ ते ३० ला १ आणि ओलावा ५५ ते ६० टक्के आला की ढीग दोन-तीन दिवसांत ५५ अंशांच्या वर जातो. दाताळ्याने ओढला की वाफ निघते. हे तापमान तीन दिवस टिकले की रोगजंतू मरतात आणि टोमॅटो-मिरचीचे बीही. मोजायला यंत्र नको. मूठभर माल घेऊन घट्ट दाबायचा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले तर ठीक. पाणी गळायला लागले तर पाचोळा कमी पडला, आणि मूठ उघडताच माल भुसभुशीत सुटला तर झारीने पाणी शिंपडायचे.

सगळा पाचोळा सारखा नसतो. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाची बारीक पाने लवकर कुजतात, ती सर्वांत चांगली. गुलमोहराची पाने इतकी बारीक की नुसती टाकली तर थर बसतो आणि हवा कोंडते, ती दुसऱ्या पानांत मिसळावी लागतात. बदामाची मोठी पाने आणि उंच अशोकाची चिवट पाने श्रेडरमधून, म्हणजे पाने बारीक करणाऱ्या यंत्रातून, काढल्याशिवाय उपयोगाची नाहीत. श्रेडरमधून काढलेला पाचोळा असेल तर प्रमाण सोपे : कचऱ्याच्या एका बादलीला पाचोळ्याची एक बादली. आंब्याच्या मोसमात हापूसच्या पेट्यांतला पेंढा आपल्या घाऊक फळबाजारातून आणि गल्लोगल्लीच्या फळवाल्यांकडून ढिगाने निघतो, तोही चालतो. सुताराच्या दुकानातला भुसा मात्र नको. त्यात बहुतेक प्लायवूडचा असतो आणि प्लायवूडमध्ये रासायनिक डिंक असतो.

अडचण अशी की पानगळ होते मुख्यतः जानेवारी ते एप्रिलमध्ये आणि पाचोळ्याची खरी गरज पडते जून ते सप्टेंबरमध्ये. पावसाळ्यात कचराही ओला, हवाही ओली. चार महिन्यांसाठी एका शेडला सहा टन पाचोळा लागतो. श्रेडरमधून काढला तरी तो ४० घनमीटर जागा घेतो : पाच मीटर लांब, चार रुंद, दोन मीटर उंच कोठार, तेही वरून आणि वाऱ्याच्या बाजूने झाकलेले. हे कोठार ज्या शेडच्या आराखड्यात नसते, ते शेड जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वास मारू लागते, शेजारचे तक्रार करतात आणि ऑगस्टपर्यंत कुलूप लागते. दोष लोकांच्या उत्साहाला दिला जातो. खरे कारण असते उन्हाळ्यात न साठवलेला पाचोळा, जो तेव्हा कुठेतरी घंटागाडीत गेलेला असतो किंवा कोपऱ्यात गोळा करून पेटवलेला.

वासावरूनही दोष ओळखता येतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही. कप्पा उपसून पुन्हा भरावा, तळाशी अर्धा फूट काड्या-फांद्या घालाव्यात. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर नत्र जास्त झाले, पाचोळा वाढवावा. माश्या होतात ते वरचा थर उघडा ठेवल्याने. रोज शेवटी पाचोळ्याचा दोन इंची थर दिला की त्या थांबतात. उंदरांसाठी तळाला कोबा आणि अर्ध्या इंचाहून बारीक जाळी लागते, नंतर औषध टाकून उपयोग होत नाही. विरजण म्हणून विकतचे कल्चर घेण्याची गरज नाही, तयार खताची दोन घमेली नव्या कप्प्यात टाकली की पुरते. तळाशी सुटणारे काळे पाणी मात्र पावसाळी गटारात जाता कामा नये. आपली पावसाळी गटारे धारण तलावांतून, म्हणजे पावसाचे पाणी थोपवून धरणाऱ्या तळ्यांतून, खाडीला मिळतात. ते पाणी दहापट पातळ करून परत ढिगावरच शिंपडावे, उरलेले मलवाहिनीत सोडावे.

यंत्रांबद्दल स्पष्ट सांगायला हवे. ‘चोवीस तासांत खत’ देणारी विजेवरची यंत्रे कचरा तापवून वाळवतात आणि बारीक करतात. निघते ती तपकिरी भुकटी, खत नव्हे. ती ओली करून झाकणाच्या बरणीत तीन दिवस ठेवा. झाकण काढताच आंबूस घाण वास आला तर ती भुकटी पिकलेली नाही, आणि कुंडीत घातली तर मुळे जाळते. सोसायट्यांना अनुदान द्यायचे असेल तर यंत्राला न देता जाळी, छप्पर आणि श्रेडरला द्यावे. एका विभाग कार्यालयाला टेम्पोवर बसवलेला एक श्रेडर मिळाला आणि तो प्रत्येक शेडवर आठवड्यातून एकदा गेला, तर बहुतेक गटांचे भागेल.

रोजच्या २०० किलो मालातून ४० ते ५० किलो खत मिळते, म्हणजे महिन्याला सव्वा ते दीड टन. सहा सोसायट्यांच्या कुंड्या आणि बागांची गरज दोन महिन्यांतच भागते, मग गोण्या साचू लागतात. उलट शहरातल्या उद्यानांना, दुभाजकांतल्या झाडांना खत लागतच असते. उद्यान विभागाने महिन्यातला एक ठरलेला दिवस ठेवून शेडवरून खत उचलावे. अट फक्त दोन गोष्टींची घालावी : ४ मिमी चाळणीतून गेलेले असावे आणि बरणीच्या परीक्षेत वास येऊ नये. पैसे नाही दिले तरी चालेल, बदल्यात पाचोळ्याच्या गोण्या द्या. शहरी कचऱ्यापासून केलेले खत विकायला ‘हरित महा सिटी कंपोस्ट’ हा राज्याचा ब्रँड आहेच, पण एका गटाच्या दीड टनासाठी त्या वाटेने जाण्यापेक्षा जवळची बाग बरी.

राहिली कागदाची बाजू. सोसायटीच्या हद्दीबाहेरच्या शेडवर खर्च केला की लेखापरीक्षक हटकून विचारतो, हा खर्च कोणत्या ठरावाने? महापालिकेने गटासाठी एकच छापील करारनामा तयार करावा : जागा पाच वर्षांसाठी, खर्चाची वाटणी घरांप्रमाणे, रोजच्या वजनाची नोंदवही, आणि शेड आठवडाभर बंद पडले तर घंटागाडी कुरकुर न करता ओला कचरा उचलेल याची हमी. हे शेवटचे कलम लहान वाटेल, पण कचरा अंगावर पडेल या भीतीनेच अनेक सेक्रेटरी सही करत नाहीत. मालमत्ता करात सवलत द्यायची झाली तर ती फोटो पाहून न देता नोंदवहीतल्या वजनावर द्यावी.

पर्जन्यवृक्षांची पानगळ फेब्रुवारीत जोरात असते. त्याआधी आठ विभागांपैकी प्रत्येकी एक जागा आखून मिळाली आणि झाडूवाल्या कामगारांना पाचोळ्यासाठी वेगळ्या गोण्या मिळाल्या, तर येत्या पावसाळ्याचा साठा होईल. मार्चनंतर जागा मिळाली तर तो वर्षभर पुढे जाईल.

आपले नम्र,
नेरुळ-सानपाड्यातील सोसायट्यांच्या ओल्या कचऱ्याचे काम पाहणारे रहिवासी