कोकोकेच्या बेटावर जाण्याआधी: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तिकिटं पक्की झाली. मे महिन्यात फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हरलहून जहाज सुटेल, तीन रात्रींचा प्रवास, त्यात एक दिवस नासाऊ आणि एक दिवस कोकोके. नासाऊ हे शहर आहे, तिथे काय करायचं ते फोनवर बोलू. कोकोकेचा दिवस मात्र नीट आखला तर सुखाचा जातो आणि नाही आखला तर उन्हात पायपीट होते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, प्रिंट काढून पर्समध्ये ठेव.

या बेटाचं नकाशावरचं नाव लिटल स्टिरप के. बहामाजमधल्या बेरी आयलंड्सपैकी हे एक लहानसं बेट. आपल्या जहाजाच्या रॉयल कॅरिबियन कंपनीने मोठा खर्च करून २०१९ च्या मे महिन्यात ते नव्या रूपात उघडलं. शेजारचं ग्रेट स्टिरप के बेट नॉर्वेजियन या दुसऱ्या क्रूझ कंपनीने १९७७ सालीच घेतलं होतं. क्रूझ कंपनीने स्वतःचं बेट ठेवायची पद्धत तिथून सुरू झाली. कोकोकेवर गाव नाही. असतात ते फक्त जहाजांचे प्रवासी आणि काम करणारी माणसं. त्यामुळे भाव करणं, टॅक्सी ठरवणं, रस्ता चुकणं ही काळजी नाही. पूर्वी जहाज लांब नांगरून छोट्या बोटीने उतरावं लागायचं. आता धक्का आहे, सरळ चालत उतरायचं. बाबांच्या गुडघ्यासाठी हे फार बरं झालं, कारण हलत्या बोटीत पाय टाकणं हाच तुमच्या वयात सगळ्यात धोक्याचा भाग असतो.

महत्त्वाचं आधी सांगते. तुम्हा दोघांना ‘पैसे भरलेत तर सगळं बघून घेऊ’ ही सवय आहे. इथे ती बाजूला ठेवा. तुम्हाला जे सुखाचं, ते तिकिटात आधीच आलं आहे: किनारा, खुर्च्या, छत्र्या, दुपारचं जेवण, गोड्या पाण्याचा मोठा तलाव, बेटावर फिरणारी ट्राम. जास्तीचे पैसे मागतात त्या गोष्टी बहुतेक तरुणांच्या आहेत. थ्रिल वॉटरपार्कला वेगळं तिकीट आहे, तिथली सर्वांत उंच घसरगुंडी १३५ फुटांची आणि वर जायला जिने. तिकडे वळूही नका. कोको बीच क्लब शांत आणि सुंदर आहे, पण एका दिवसासाठी फार महाग. आणि एक फसगत टाळा: हाइडअवे बीच फक्त १८ वर्षांपुढच्यांसाठी आहे हे वाचून ‘म्हणजे पोरांचा गोंगाट नसेल’ असं वाटेल. तिथे दिवसभर डीजे असतो.

खर्च करायचाच तर हेलियमच्या फुग्याचा विचार करा. तो दोराने बांधलेला असतो, साधारण ४५० फुटांपर्यंत वर जातो आणि वरून पाण्याचे सगळे निळे-हिरवे थर दिसतात. उभं राहावं लागतं, पण वेळ थोडा असतो. वारा वाढला की तो बंद ठेवतात, म्हणून सकाळची वेळ घ्या. त्यांनी रद्द केला तर पैसे परत मिळतात.

आता पाण्याबद्दल. बाबांना पोहायचं आहे आणि आईला कमरेएवढ्या पाण्यात बसायचं आहे, हे मला माहीत आहे. दोघांनाही चिल आयलंड नावाचा किनारा बरा. ट्राममध्ये बसा आणि चालकाला तेवढंच नाव सांगा. तिथे पाणी उथळ, लाटा जवळजवळ नाहीत, भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. कोकणच्या समुद्रासारखी पायाखालची वाळू ओढून नेणारी लाट इथे नसते. या बेटांवर गाळ आणणाऱ्या नद्या नाहीत आणि वाळू चुन्याची, म्हणून पाणी इतकं नितळ. पण त्या नितळपणात एक गोम आहे: तळ असतो त्यापेक्षा जवळ दिसतो. छातीएवढं वाटलेलं पाणी गळ्याशी येतं. बाबा, पुढे जाताना पायाने तळ चाचपत जा आणि लाइफ जॅकेट घाला. ते फुकट मिळतं, पट्टे कंबरेशी घट्ट ओढा, नाहीतर ते कानापर्यंत वर सरकतं.

वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत घासत पुढे न्या. स्टिंगरे मासा वाळूत अंग पुरून पडलेला असतो. पाऊल घासत आलं की तो आधीच सटकतो, वरून पडलं तर शेपटीचा काटा मारतो. रबरी तळाचे पाण्यातले बूट निघण्याआधीच दुकानातून तुमच्या मापाचे घेऊ. आई, तुला मधुमेहामुळे तळव्यांना कमी जाणवतं. दुपारची वाळू पोळते ते तुला उशिरा कळेल, तेव्हा खुर्चीपासून पाण्यापर्यंतही अनवाणी जाऊ नकोस.

मंगळसूत्र, बांगड्या, बाबांची साखळी हे सगळं केबिनच्या तिजोरीत. चकाकणाऱ्या वस्तूला मासळी समजून बॅराकुडा हा शिकारी मासा जवळ येतो आणि पाण्यात बोटं आक्रसली की अंगठी सहज निसटते. पासपोर्टही तिजोरीतच. बरोबर फक्त सीपास कार्ड घ्या, तेच केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट. ते गळ्यात अडकवायची जलरोधक पिशवी मी देते. कार्डावर पेय घेतलं की वर १८ टक्के टिप आपोआप लागते, वेगळी द्यायला नको. हस्तकलेच्या टोपल्या घ्यायच्या असतील तर थोडे सुटे डॉलर ठेवा.

कपड्यांचं सांगते. आई, सुती सलवार पाण्यात जड होते आणि पायात अडकते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि लेगिंग्ज मी आणून ठेवते, दोन्ही नायलॉन-लायक्राचे. तिथे निम्म्या बायका उन्हासाठी तसंच घालतात, संकोच नको. ओअ‍ॅसिस लगून हा गोड्या पाण्याचा तलाव. त्यात तर पोहण्याचेच कपडे लागतात. तलाव छान आहे, पण मध्ये बार आणि मोठ्याने गाणी. खारट अंग धुवायला किनाऱ्याजवळ शॉवर आहेतच, त्यामुळे तिथे नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

वेळ अशी धरा. नाश्ता पोटभर करून आठ-साडेआठला उतरा, टॉवेल जहाजावरूनच घ्या आणि आठवणीने परत करा, नाहीतर दंड लागतो. धक्का लांब आहे. बाबा, तेवढं चालवत नसेल तर जहाजाच्या गेस्ट सर्व्हिसेसच्या खिडकीवर आदल्या रात्री व्हीलचेअर मागा. वाळूत चालणाऱ्या, फुगीर चाकांच्या खुर्च्याही बेटावर फुकट मिळतात, पण जो आधी जाईल त्याला. दहापर्यंत पुढच्या रांगेतल्या छत्र्या भरतात. एकाच वेळी दोन जहाजं लागली असतील तर त्याहून लवकर.

अकरा-साडेअकराला जहाजावर परत या. हे बहुतेकांना सुचत नाही. जहाज धक्क्यालाच उभं असतं, कितीही वेळा ये-जा करता येते आणि डोक्यावर ऊन असताना तपासणीच्या रांगेत कोणी नसतं. विंडजॅमर या जहाजावरच्या बुफेत जेवा, तिथे बहुधा एखादी भारतीय भाजी आणि भात असतो. मग तासभर पडा. मन झालं तर तीनला पुन्हा एक फेरी मारा. परत येण्याची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा तास आधी असते आणि त्या सुमाराला धक्क्यावर सगळ्यात मोठी रांग लागते, तेव्हा त्या वेळेच्या तासभर आधीच परता.

बेटावरच जेवायचं ठरलं तर आई, तुझ्यासाठी टॅको काउंटरवरचं सॅलड, फळं, फ्राइज. भाजीची पॅटी मागितली की करून देतात, मात्र मांसाच्या तव्यावर नको हे आधी सांग. बीन्समध्ये चरबी आहे का आणि फ्राइज चिकनच्याच तेलात तळतात का, हेही विचार. घरचे थालीपीठ-लाडू जहाजावर नेऊ देत नाहीत; कारखान्यात बंद केलेली चिवडा-खाकऱ्याची पाकिटं चालतात. रात्रीच्या जेवणाला भारतीय शाकाहारी थाळी हवी हे पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला सांगून ठेव. बेटावर कोंबड्या मोकळ्या फिरतात आणि सीगल पक्षी हातातली फ्राय उचलून नेतात, बशी झाकून ठेवा.

उन्हाचं हलक्यात घेऊ नका. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पांढरी वाळू खालून ऊन परत फेकते आणि समुद्रावरच्या वाऱ्यामुळे भाजतंय ते कळत नाही. एसपीएफ ५० चं क्रीम उतरण्याआधी पंधरा मिनिटं लावा, एका माणसाला अंगभर साधारण ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आलं की पुन्हा. कान, मानेमागचा भाग, पावलांची वरची बाजू इथेच विसरतं. जेवणाच्या काउंटरवर पाणी आणि लिंबू सरबत फुकट मिळतं, बाटली तिथे भरा. ओआरएसची चार पाकिटं ठेवा. इन्सुलिन उघड्यावर नको, गार पिशवीत.

दोन गोष्टी राहिल्या. धक्क्याला आडोसा नाही, उंच जहाजाला आडवा वारा लागतो, म्हणून वारा जोराचा असेल तर कॅप्टन कोकोके वगळतो. हिवाळ्यात हे जास्त होतं, मे महिन्यात शक्यता कमी. झालंच तर आधी भरलेले पैसे परत मिळतात, वाद घालत बसू नका. आणि जहाज परत आलं की तुम्ही पुन्हा अमेरिकेत प्रवेश करता, तेव्हा व्हिसावर एन्ट्रीजच्या जागी ‘एम’ (मल्टिपल, म्हणजे अनेकदा प्रवेश) हे अक्षर आहे ना ते आजच बघा. फोन पूर्ण वेळ एअरप्लेन मोडवर ठेवा. जहाजाचं वायफाय बेटावरही चालतं, व्हॉट्सअ‍ॅप त्यावरूनच करा.

बाबा, तुमच्या बीपीच्या गोळीच्या पाकिटाचा मागच्या बाजूचा फोटो पाठवा. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर त्वचा उन्हाने लवकर भाजते आणि अंगातलं पाणीही कमी होतं. डॉक्टरांना निघण्याआधी विचारू, स्वतःहून गोळी बंद करू नका. विमा मी बघते आहे. जुन्या आजारांसकट आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याच्या खर्चासकट घेते, कारण जहाजावरच्या डॉक्टरचं बिल लगेच कार्डावर चढतं.

तुमची,
मीनू