प्रमाणपत्राचं राहू द्या, बाबा

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न.

काल फोनवर विषय निघाला आणि मागे कुकरच्या शिट्ट्या, दारात पेपरवाला, त्यात बोलणं अर्धवटच राहिलं. म्हणून सविस्तर लिहितेय. आई, चष्मा सापडला नाही तर बाबांकडून वाचून घे, पण त्यांना गाळून वाचायची सवय आहे हे लक्षात ठेव.

आधी मुद्द्याचं. बाबा, सईच्या समाजसेवेच्या प्रमाणपत्रासाठी तुम्ही त्या ट्रस्टवाल्या काकांकडे शब्द टाकलाय, तो कृपा करून मागे घ्या. नात नाशिकला येणार महिनाभरासाठी आणि प्रमाणपत्र तीन महिन्यांचं! काका म्हणाले असतील, "त्यात काय, सही-शिक्का मारून देतो." त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण इथे अमेरिकेत डेंटल कॉलेजच्या अर्जात नुसता कागद जोडून भागत नाही. काम कुठे केलं, कधीपासून कधीपर्यंत, किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, सगळं भरावं लागतं. पुढे मुलाखतीला बोलावलं की त्यातलीच एखादी ओळ उचलतात आणि विचारतात, "इथे तू नेमकं काय करायचीस?" केलेलंच नसेल तर पोर काय सांगणार?

तुमचा मूळ प्रश्न मला मान्य आहे. दातांचं डॉक्टर व्हायचंय तर मुकाट अभ्यास करावा, ही बाकीची लफडी कशाला? आपल्याकडे ते बरोबरच आहे. मिलिंददादाच्या मुलाने 'नीट' ही प्रवेश परीक्षा दिली, 720 पैकी जे मार्क पडले त्यावर यादीत नाव लागलं आणि बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची पदवी, सुरू झालं. तू तबला वाजवतोस का, कुणाची सेवा केलीस का, कुणी विचारलं नाही. त्यात एक सोय आहे, ती मी नाकारत नाही. मार्क दिसतात, यादी दिसते, वशिल्याला जागा कमी.

इथलं गणित वेगळं आहे. आधी चार वर्षांची साधी पदवी आणि मग डेंटल स्कूलची चार वर्षं. बहुतेक कॉलेजांना मिळून एकच सामाईक अर्ज जातो. सई तो पुढच्या जूनमध्ये भरेल, कारण ज्याचा अर्ज आधी येतो त्याचा आधी बघतात आणि डिसेंबरपासून जागा द्यायला सुरुवात होते. अर्जात कॉलेजचे मार्क असतात, डॅट नावाच्या प्रवेश परीक्षेचे मार्क असतात, प्राध्यापकांची शिफारसपत्रं असतात. शिवाय 'मला दंतवैद्य का व्हायचंय' यावर एक निबंध, 4,500 अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा धरून. आणि मग ती तुम्हाला खटकणारी यादी: दवाखान्यात बसून पाहिलेलं काम, स्वयंसेवा, संशोधन, नोकरी, छंद. बाबा, मार्क कमी असतील तर ही यादी तारत नाही, एवढं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण मार्क चांगले असलेली मुलं ढिगाने असतात, आणि त्यांच्यातून निवडताना हीच पानं उलटली जातात.

आई, आता तुझं. सई आइस्क्रीमच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहते हे तू मावशीपासून लपवलंस, मला कळलंय. अगं, ते सगळं अर्जात मोजतात. नोकरीसाठी वेगळा रकाना आहे. चिडलेल्या गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, शनिवारी रात्री मैत्रिणी फिरायला गेल्या असताना हिशेब जुळवून शटर ओढणं, हे दवाखाना चालवणाऱ्याला लागतंच की. आणि हे मोजलं जातं ते बरंच आहे. नाहीतर ही पद्धत खात्यापित्या घरच्या मुलांच्याच सोयीची झाली असती. फुकट काम करायला वेळ हवा, जायला-यायला गाडी हवी. ज्याला फी भरायला कमवावं लागतं त्याने कधी करायची स्वयंसेवा? माझ्या मते या पद्धतीची ही बाजू लंगडीच आहे, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

आता डॉक्टरांचं. गंगापूर रोडचे तुमचे डॉक्टर म्हणाले ना, "पाठवा तिला, एखादा दात काढायला देतो, शिकेल"? त्यांचं प्रेम कळतं, पण हे अजिबात नको. अमेरिकेतल्या दंतशिक्षणाच्या संघटनेची याबाबत लेखी सूचनाच आहे की, प्रवेशाआधी परदेशात जाऊन ज्याचं शिक्षण घेतलेलं नाही असे उपचार करू नयेत. अर्जात कुणी अभिमानाने तसं लिहिलं तर ते उलट अंगावर येतं. आणि आपल्याकडेही 1948 चा दंतवैद्यक कायदा आहेच, नोंदणी नसलेल्याने पेशंटच्या तोंडात हात घालायचा नाही. सईने फक्त बघायचं, तेही पेशंटला विचारून. इथले तिचे असे बघण्याचे तास एका दवाखान्यात चालू आहेत. बरीच कॉलेजं शंभरेक तासांची अपेक्षा धरतात, ते इकडेच पुरे होतील. नाशिकला ती बसेल ती आपल्याकडची तोंडं बघायला.

कारण तिला मिश्री माहीतच नव्हती! मी सांगितलं की आजीची आई तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, सकाळी त्यानेच दात घासायची, तर ती बघतच राहिली. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी रुग्णाच्या गालात आतून पांढरा चट्टा का दिसतो, तोंड दोन बोटंसुद्धा का उघडत नाही, हे तिला डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून बघू दे. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागात दंततपासणीचं शिबिर असलं तर तिकडेही जाऊ दे. तिने नावं लिहून घ्यावीत, रांग लावावी, म्हाताऱ्या बायकांना पाणी द्यावं. तिकडची कोकणा बोली तिला कळणार नाही आणि हिचं इंग्रजी वळणाचं मराठी ऐकून त्या बायका हसतील. हसू देत. एक दिवसाचं शिबिर असेल तर अर्जातही एक दिवसच लिहायचा.

आणि बाबा, तुमच्यासाठी एक खरं काम आहे. डॅटमध्ये एक भाग आहे, 60 मिनिटांत 90 प्रश्न, सगळे नजरेचे. कागद दोन-तीनदा दुमडून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे कुठे येतील, चार कोनांत सगळ्यात लहान कुठला, असे. एका प्रकारात वस्तूचे दोन व्ह्यू देतात आणि तिसरा ओळखायला सांगतात. म्हणजे तुमचं ड्रॉइंगच की, प्लॅन, एलिव्हेशन, साइड व्ह्यू! ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात तुम्ही जन्मभर हेच केलंत. सईला नेमकं तेच जड जातंय. संध्याकाळी तासभर तिला घेऊन बसा.

जमलं तर मागच्या पडवीतल्या व्हाइसवरचा पसाराही काढा. तिच्या हातात कानस द्या आणि लोखंडाचा एक तुकडा काटकोनात आणायला सांगा. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरला की फटीतून प्रकाश दिसतो, परत घासायचं, परत धरायचं. मला तुम्ही हे दहावीच्या सुट्टीत करायला लावलं होतं आणि मी रडले होते. ती रडणार नाही, तिला असलं आवडतं. आपल्याकडे बीडीएसच्या पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात, कॅनडात तर काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रवेश परीक्षेतच साबण कोरायला द्यायचे. हाताला वळण आधीपासून असलेलं बरं. आईने क्रोशाचं तोरण शिकवलं तर तेही चालेल, दोन वर्षं तिचा एक रुमाल अर्धा पडून आहे. मात्र तो पुरा झाला तरच अर्जात लिहायचा, असं मी तिला बजावलंय.

या सगळ्याचं कुठलंही प्रमाणपत्र नको हं, बाबा. तुमच्या सहीचंसुद्धा नको.

डॉक्टरांना फक्त एवढंच विचारून ठेवा, की जुलैत सकाळच्या वेळी दवाखान्यात उभं राहायला जागा मिळेल का आणि पेशंटची हरकत नसेल का. तास कसे लिहायचे, सही कुणाची घ्यायची, ते सई आल्यावर स्वतः त्यांच्याशी बोलेल. तिला बोलू द्या, मध्ये पडू नका. आई, तू त्यांच्याकडे चिवड्याचा डबा पाठवशीलच, त्याला माझी ना नाही.

तुमची,
मनू