चुनी गोस्वामींचे क्रिकेट हा निवृत्तीनंतरचा विरंगुळा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन खेळांत नाव कमावलेल्या खेळाडूंवरील आपल्या क्रीडा पानावरच्या लेखात चुनी गोस्वामी यांना ‘फुटबॉल सोडल्यावर हौसेने क्रिकेट खेळलेले’ एवढ्या एका ओळीत आटोपले आहे. हे वस्तुस्थितीला धरून नाही. सप्टेंबर १९६२ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते, आणि त्याच १९६२-६३ च्या हंगामात ते बंगालकडून रणजी सामन्यात उतरले. मोहन बागान या कोलकात्याच्या फुटबॉल क्लबकडून तर ते १९६८ पर्यंत खेळत राहिले. म्हणजे काही वर्षे दोन्ही खेळ हातात हात घालून चालले.

त्यांचे क्रिकेट दुय्यम दर्जाचेही नव्हते. डिसेंबर १९६६ मध्ये इंदूरला मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघाने, सोबर्स यांच्या नेतृत्वाखाली दौऱ्यावर आलेल्या वेस्ट इंडिजला डावाने हरवले, त्या सामन्यात गोस्वामींच्या मध्यमगती गोलंदाजीने आठ बळी घेतले. मुंबईकरांना तर त्यांचा विसर पडायला नको होता. सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकण्याच्या भरात असलेल्या मुंबईविरुद्ध १९६८-६९ च्या अंतिम सामन्यात त्यांनी ९६ आणि ८४ धावा केल्या. १९७१-७२ च्या अंतिम सामन्यात ते बंगालचे कर्णधार म्हणून पुन्हा मुंबईसमोर उभे ठाकले. दोन्ही वेळा करंडक मुंबईकडेच राहिला, हा भाग वेगळा. ज्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हे घडले तेथून रोव्हर्स करंडक फुटबॉल स्पर्धेचे कूपरेज मैदान पायी जाण्याच्या अंतरावर आहे, आणि या शहराला हा खेळाडू दोन्ही मैदानांवरचा म्हणून ठाऊक होता.

हे जमले त्यात गुणवत्तेइतकाच वाटा वेळापत्रकाचा होता. कोलकात्याची फुटबॉल लीग पावसाळ्यात खेळली जाई आणि क्रिकेट हिवाळ्यात, त्यामुळे एकासाठी दुसरे सोडण्याचा प्रश्न बव्हंशी उद्भवत नसे. आता फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरुवातीपासून हिवाळ्यावरच बेतलेला असल्याने तो रणजीच्या सामन्यांवर आदळतो; शिवाय लाखो रुपये मोजणारा कोणता क्लब आपल्या आघाडीवीराला चार दिवस क्षेत्ररक्षण करू देईल? आपल्या लेखात आजच्या पिढीच्या एकांगीपणाला जो दोष दिला आहे तो म्हणूनच अन्यायाचा वाटतो.

एक तक्रार मात्र मलाही गोस्वामींविषयी आहे. १९६४ मध्ये आशिया चषकात भारताला उपविजेतेपद मिळवून दिल्यानंतर, वयाची सत्ताविशीही पूर्ण झाली नसताना, त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉल थांबवले. क्लबसाठी पुढे चार वर्षे खेळणाऱ्या माणसाकडे देशासाठी आणखी दोन वर्षे निश्चितच शिल्लक होती, आणि आशियाई सुवर्ण त्यानंतर भारतीय फुटबॉलला आजतागायत मिळालेले नाही.

आपला,
एक वाचक, दादर