सायमन फिलिप्स श्रवणसत्र : सभासदांना स्मरण

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ज्येष्ठ रॉक ड्रमवादक सायमन फिलिप्स यांच्या वादनावरील श्रवणसत्र येत्या रविवारी सायंकाळी सहा वाजता ठरल्याप्रमाणे होईल. क्लॅरिनेटवादक व बँडप्रमुख सिड फिलिप्स यांचे हे चिरंजीव १९५७ साली लंडनमध्ये जन्मले आणि वयाच्या बाराव्या वर्षीच वडिलांच्या डिक्सीलँड (जुन्या धाटणीच्या जॅझच्या) बँडमध्ये व्यावसायिक वादन करू लागले; पुढे रॉकमध्ये रमूनही त्यांच्या हातातली जॅझची लवचीकता गेली नाही, आणि आपल्यापैकी अनेकांना त्यांचे वेड लागले ते त्यामुळेच. सत्रात ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा १९८९चा दौरा आणि ‘टोटो’ या अमेरिकन रॉक बँडमधील त्यांचा १९९२ ते २०१४ हा काळ यांवर भर राहील. हात एकमेकांवरून न नेता डाव्या हाताने हाय-हॅट (पायाने उघड-मीट करता येणारी झांजांची जोडी) वाजविण्याची त्यांची पद्धत नुसती ऐकून लक्षात येत नाही, ती पाहावीच लागते. म्हणून काही चित्रफितीही दाखविण्यात येतील.

सभासदांनी आपल्या आवडीचे ध्वनिमुद्रण व त्यातील नेमकी जागा शुक्रवारपर्यंत लेखी कळवावी. केवळ ‘अप्रतिम’ एवढाच अभिप्राय पाठवू नये; तो सर्वांचाच आहे. ‘टोटो’चे आधीचे ड्रमवादक जेफ पोर्कारो श्रेष्ठ की फिलिप्स, हा आपला जुना वाद या सत्रापुरता बाजूला ठेवावा, ही विनंती.